छत सगळ्यांचं, ऊन वरच्यांचं
आपल्या गच्चीचा पंचवीस वर्षांचा इतिहास

स्मरणिका समितीच्या बैठकीत कामं वाटली जात होती. संस्थेच्या स्थापनेची हकिगत अध्यक्षांनी घेतली, गणेशोत्सवाच्या आठवणी महिला मंडळाने घेतल्या. मी जुना सचिव, म्हणून माझ्याकडे इतिवृत्ताच्या वह्या आल्या. "यातून काहीतरी इतिहास काढा भाऊ," एवढीच सूचना होती.

कार्यालयातल्या लोखंडी कपाटातून वह्या काढल्या, धूळ झटकली आणि चार दिवस चाळत बसलो. बोअरवेलचं पाणी, कंपाउंडची भिंत, जळालेली मोटार, थकबाकीदारांची यादी. पंचवीस वर्षांत आपले विषय फारसे बदललेले नाहीत. २००५ सालच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या पानावर मात्र माझं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं :

"विषय क्र. ६ : गच्चीस चुना मारणेबाबत. वरच्या मजल्यावरील सभासदांची मागणी. चर्चा झाली. सदर खर्च सर्व सभासदांच्या हिताचा नसल्याने ज्यांना आवश्यकता वाटते त्यांनी तो स्वखर्चाने करावा, असे बहुमताने ठरले."

अक्षर माझं, सही माझी. 'स्वखर्चाने' या शब्दाखाली मी रेघसुद्धा मारली होती.

म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून गच्चीचाच इतिहास लिहायचं ठरवलं. गच्चीवर आपण जातो ते पापड-कुरड्या वाळवायला नाहीतर टाकी भरली का बघायला. पण राजुऱ्यातलं घर मे महिन्यात राहण्यासारखं आहे की नाही, हे ठरवणारी गच्चीच असते.

कवेलू, टिन आणि स्लॅब

आपल्यातली निम्मी कुटुंबं नोकरीच्या निमित्ताने इथे आलेली आहेत. कोणी खाणीत, कोणी सिमेंटमध्ये, कोणी शाळा-कॉलेजात. त्यांच्या मुलांसाठी थोडं मागचं सांगतो.

राजुरा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मधली वर्धा नदी ही हद्द. पलीकडचं बल्लारपूर आणि चांदा इंग्रजी मुलखात, अलीकडचे आपण आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपला तालुका मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. त्या चांद्याचं पुढे चंद्रपूर झालं. माझ्या लहानपणी घरातली मोठी माणसं कोर्टकचेरीच्या गोष्टी सांगायची, त्यात हैदराबादचं नाव असायचं, मुंबईचं नसायचं. हे आत्ता का सांगतो ते पुढे कळेल.

त्या वेळची घरं मातीच्या भिंतींची. सांगाडा सागाचा, वर बांबू, बांबूवर कवेलू. जंगलच उशाशी असल्यामुळे लाकूड-बांबूला तोटा नव्हता. कवेलूचं छत एकसंध नसतं. एकावर एक चढवलेल्या मातीच्या नळ्या आणि मधे असंख्य फटी. खालची तापलेली हवा त्या फटींतून वर निघून जाते. ऊन कवेलूवर पडलं तरी रात्री आठ-नऊपर्यंत ते थंड होतात. उन्हाळ्यात अंगणात मांडव, दाराला वाळ्याची ताटी, पोटात आंबील. नवतपा असा निघायचा.

कवेलू गेले ते उन्हामुळे नाही, वानरांमुळे आणि पावसामुळे. दरवर्षी मिरग लागायच्या आधी शाकारणी करा, दरवर्षी वानरांची टोळी येऊन ते फोडणार. मजुरी वाढली, कवेलू करणारे कमी झाले, म्हणून लोकांनी टिन टाकलं. टिन फुटत नाही, गळत नाही. पण दुपारी एक ते चार टिनाखाली बसून दाखवा. टिन नवं असताना चकचकीत दिसतं, ऊन बऱ्यापैकी परतवतं. मात्र जेवढी उष्णता आत घेतं ती आकाशाकडे सहजी सोडत नाही. परतवणं हा एक गुण आणि सोडणं हा दुसरा. छताला दोन्ही लागतात. टिनाकडे पहिला थोडाफार असतो, दुसरा जवळजवळ नसतो.

मग आली स्लॅब. १९८० च्या दशकात आवारपूर, गडचांदूरकडे मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले. आपल्या भागातली जमीन चुनखडीची, म्हणून ते इथे आले. याच चुनखडीपासून पूर्वी भट्टीत चुना पडायचा आणि सणासुदीला, लग्नकार्याला घरं त्या चुन्याने पांढरी व्हायची. चुनखडी नुसती भाजली तर पांढरा चुना होतो, मातीबरोबर भाजून दळली की करडं सिमेंट. आपण चुना सोडून सिमेंटकडे गेलो तेव्हा घर मजबूत झालं, वानरांची चिंता मिटली. पण डोक्यावरचा रंग बदलला याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ताज्या चुन्याचा थर त्याच्यावर पडणाऱ्या उन्हातला तीन चतुर्थांशाहून जास्त हिस्सा परत पाठवतो. जुनी, काळवंडलेली सिमेंटची स्लॅब जेमतेम पाव हिस्सा परत पाठवते. बाकीचं पोटात घेते.

मे महिन्यात भर दुपारी एक चौरस मीटर गच्चीवर साधारण एक हजार वॉट ऊन पडतं. म्हणजे दर चौरस मीटरला एक इस्त्री चालू ठेवल्यासारखंच. स्लॅब ते दिवसभर साठवते आणि काही तासांनी खालच्या खोलीत सोडू लागते. म्हणून बाहेर वारा सुटलेला असतो, अंगण निवलेलं असतं आणि आपण घरात पंख्याखाली घामाघूम होऊन पडलेले असतो. पंखा छताजवळची तापलेली हवाच खाली आणतो.

विषय क्रमांक ६

आता आपल्या इमारतींकडे येतो. दोन इमारती, तळमजला धरून तीन-तीन मजले, एकूण चोवीस घरं. रस्त्याकडच्या बाजूला सहा गाळ्यांची एकमजली ओळ. चोवीस सभासदांपैकी वरच्या मजल्यावर राहणारे आठ. सहकारात एका सभासदाला एक मत. तत्त्व चांगलं आहे. पण गच्चीचा विषय निघाला आणि हात वर झाले की आठ विरुद्ध सोळा.

२००५ च्या त्या सभेत वरच्या मजल्यावरचे एक काका उभे राहिले. शांत स्वभावाचे, कधी तक्रार न करणारे. म्हणाले, "भाऊ, घराची भट्टी झाली जी. रात्री अकरापर्यंत स्लॅब तापून राहते. यंदा दोन्ही गच्च्यांवर चुना मारून टाकू. पोतं-दोन पोती चुना आणि थोडा फेविकॉल, खर्च फार नाही."

मी तळमजल्यावर राहणारा. माझ्या घरात दुपारी चादर घेऊन झोपता येतं, असं मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे. मी उठून बोललो ते इतिवृत्तात आहेच. इतिवृत्तात नसलेलं एक वाक्य मात्र मला अजून आठवतं. मी म्हटलं होतं, "फ्लॅट घेताना वरचा स्वस्तात मिळाला ना? मग ऊन फुकट मिळणारच." सगळे हसले. काकाही हसले आणि खाली बसले.

ती वर्षं भारनियमनाची होती, हे तरुण वाचकांना सांगायला हवं. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर सास्तीच्या खाणी, नदीपलीकडे चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, आणि ऐन दुपारी आपल्याकडे तासन्‌तास दिवे गेलेले. मी स्वतः कोळसा खाणीच्या इलेक्ट्रिकल सेक्शनमध्ये नोकरीला. दिवसभर विजेच्या कोळशाच्या खाणीत राबायचं आणि घरी येऊन हातपंखा हलवायचा.

२००६ च्या मे महिन्यात त्या काकांच्या घरी काकूंना ऊन लागलं. घराबाहेर न पडता. दुपारी दिवे गेले, कूलर बंद पडला, काका कामावर होते. संध्याकाळी ते आले तेव्हा काकू जमिनीवर पडलेल्या, अंग कोरडं आणि तापलेलं, बोलणं असंबद्ध. आम्ही चौघांनी त्यांना चादरीत घालून जिन्यावरून खाली आणलं. त्या वेळी मी पहिल्यांदा उन्हाळ्यात त्यांच्या घरात पाऊल टाकलं. भिंतीला हात टेकला तो चटका बसून मागे घेतला. त्यांच्या छताच्या दोन मजले खाली माझं घर होतं आणि माझ्या भिंती गार होत्या.

काकू वाचल्या. पण पूर्वीच्या राहिल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी मुलाने त्यांना नागपूरला नेलं, फ्लॅट विकला गेला. जाताना काकांनी थकबाकी एक रुपयाही ठेवली नाही. ना-हरकत दाखल्यावर सही करताना मी खाली मान घातली होती. वर बघायची हिंमत नव्हती.

उष्माघात म्हणजे रस्त्यावर, शेतात होणारी गोष्ट, अशी आपली समजूत असते. पण म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आजारी माणसं यांना तो बंद घरात, तापलेल्या छताखाली होतो. डोक्यावरची स्लॅब वीज असो नसो काम करतच राहते, आपल्या बाजूने किंवा आपल्या विरुद्ध. कूलर-पंख्याचं तसं नाही.

काळी शीट

एवढं होऊनही आपण शहाणे झालो नाही. पुढे गच्ची गळू लागली. जिन्यात पाणी उतरायला लागलं, मीटरबोर्डपर्यंत ओल गेली, तेव्हा विषय 'सर्व सभासदांच्या हिताचा' झाला आणि एकमताने खर्च मंजूर झाला. ठेकेदाराने डांबरी शीट सुचवली. गॅसच्या शेगडीने तापवून चिकटवतात ती. गळती थांबली, आम्ही खूश.

पुढचा उन्हाळा आला. आमची गच्ची आता करडी नव्हती, काळी होती. काळं डांबर पडलेल्या उन्हातला अगदी थोडा हिस्सा परत पाठवतं, बाकी सगळं गिळतं. अशा गडद छताचा पृष्ठभाग कडक उन्हाळ्याच्या दुपारी ६५ अंशांच्याही वर जातो आणि त्याच उन्हात परावर्तक छत त्याहून २५-३० अंशांनी थंड राहू शकतं, हे मी नंतर वाचलं. त्या वेळी आम्हाला एवढंच दिसलं की गच्चीवर टाकी बघायला गेलेल्या पोराची स्लिपर चिकटली. वरच्या आठ घरांपैकी ज्यांना जमलं त्यांनी एसी बसवले. ज्यांना जमलं नाही ते रात्री खाटा घेऊन आवारात झोपू लागले. आम्ही पैसे खर्च करून त्यांचा उन्हाळा वाढवला होता.

गाळ्यांनी वाट दाखवली

बदल झाला तो आमच्या चांगुलपणामुळे नाही, गाळ्यांच्या वीजबिलामुळे. हे मान्य केलं पाहिजे.

सहा गाळ्यांचं छत थेट उन्हात. वर मजला नाही, बाजूला झाड नाही. त्यात एक औषधाचं दुकान. बऱ्याच औषधांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली साठवा असं छापलेलं असतं. बाहेर ४६ असताना तिथे एसी ही चैन नव्हती, दुकान चालवायची अट होती. शेजारी कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान, त्याच्या पलीकडे पतसंस्था. या तिघांचे एसी सकाळी दहाला सुरू होत ते रात्री शटर पडेपर्यंत. व्यापारी दर वापरणाऱ्याला बिल किती टोचतं ते त्यालाच ठाऊक. औषधवाल्या भाऊंचे नातेवाईक हैदराबादला. तिकडे मोठ्या इमारतींच्या गच्च्या पांढऱ्या करतात, असं त्यांनी ऐकलं आणि समितीकडे अर्ज केला : गाळ्यांच्या छताला पांढरा लेप द्या, निम्मा खर्च आम्ही गाळेधारक करतो.

निम्मा खर्च बाहेरून येतोय म्हटल्यावर समितीने लगेच होकार दिला. पहिल्या वर्षी स्वस्तातला चुना मारला. उन्हाळा चांगला गेला, पण पावसाळ्यात बराचसा वाहून गेला. दुसऱ्या वर्षी छत घासून, भेगा भरून, अस्तर मारून गच्चीसाठीच बनवलेला पांढरा परावर्तक लेप दोन हातांत दिला. नंतरच्या एप्रिलमध्ये मी भर दुपारी दोन्ही गच्च्यांवर चढलो. आमच्या काळ्या शीटवर तळहात क्षणभर टेकवता येईना. गाळ्यांच्या पांढऱ्या छतावर मी हात ठेवून दहापर्यंत आकडे मोजले. खाली औषधाच्या दुकानात एसी अधूनमधून थांबत होता. पूर्वी तो दुपारी थांबतच नसे.

गाळेधारक बिलं घेऊन आले, युनिट कमी झाले म्हणाले. पण मीटरशी माझा आयुष्यभराचा संबंध. एकाने त्याच वर्षी नवा एसी घेतला, दुसऱ्याने फ्रीज वाढवला, शिवाय त्या वर्षी मे महिन्यात मधेच पाऊस पडला. अशा दोन-चार बिलांवरून निकाल देऊ नये. मोजून केलेला प्रयोग बघावा. तो मला सापडला तोही हैदराबादचाच.

हैदराबादचा प्रयोग

अमेरिकेतली लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि हैदराबादची आयआयआयटी यांच्या संशोधकांनी मिळून हैदराबाद परिसरातल्या व्यावसायिक इमारतींवर हा अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. छताचं तापमान, एसीला लागणारी वीज, बाहेरचं हवामान हे सगळं उपकरणं लावून मोजलं आणि छत काळं असताना, नुसतं सिमेंटचं असताना व पांढरं केल्यावर काय फरक पडतो ते पाहिलं.

निकाल असा. काळं छत पांढरं केलं तर छताच्या दर चौरस मीटरमागे वर्षाला २० ते २२ युनिट वाचतात. थंडाव्यासाठी लागणाऱ्या विजेत ही १४ ते २६ टक्के बचत. नुसती सिमेंटची स्लॅब पांढरी केली तर दर चौरस मीटरला १३ ते १४ युनिट, म्हणजे १० ते १९ टक्के.

आपल्या गाळ्यांचं छत साधारण १५० चौरस मीटर. सगळे गाळे वातानुकूलित धरले तर वर्षाला दोन हजार युनिटच्या आसपास. आपल्याकडे औष्णिक केंद्रात एक युनिट विजेला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे सहा गाळ्यांच्या छतावरचा लेप वर्षाला सव्वा टनाच्या आसपास कोळसा जमिनीत राहू देतो. ज्याने आयुष्य कोळसा काढण्यात घालवलं त्याला हा हिशेब जरा वेगळाच वाटतो.

जगाला हे सुचलं त्यालाही फार दिवस झालेले नाहीत. कॅलिफोर्नियाने २००५ पासून सपाट छताच्या अनिवासी इमारतींच्या नियमांत थंड छताचा समावेश केला. आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००७ मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली. तिच्यात सपाट छताने पडलेल्या उन्हातला निदान ७० टक्के हिस्सा परतवावा आणि उष्णता बाहेर सोडण्याची क्षमता निदान ०.७५ असावी, असे दोन आकडे होते. वर टिनाबद्दल सांगितलेले दोन गुण ते हेच. पण ही संहिता मोठ्या, भरपूर वीज वापरणाऱ्या इमारतींसाठी. राजुऱ्याच्या सहा गाळ्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

आणि आता तर गंमत झाली आहे. आसिफाबादच्या रस्त्याने निघालं की तालुक्याच्या टोकाला तेलंगणाची हद्द लागते. त्या राज्याने एप्रिल २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण जाहीर केलं. २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छतं थंड करायची, त्यातली २०० एकट्या हैदराबाद शहरात. सरकारी आणि व्यावसायिक इमारतींना ते सक्तीचं, घरांच्या बाबतीत ६०० चौरस यार्डांपासून पुढच्या भूखंडांना. १९५६ ला हद्द बदलली नसती तर आज हा नियम आपल्या बाजारपेठेलाही लागू झाला असता. ऊन मात्र हद्द मानत नाही. २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता, तेव्हा तो आसिफाबादलाही काही सुखाचा नसेल.

ज्यांचं बिलच येत नाही

या सगळ्या वाचनात एक गोष्ट मला खटकत राहिली. सगळे आकडे वाचलेल्या विजेचे. व्यावसायिक इमारतीत ते बरोबरच आहे. ऊन आणि दुकान यांची वेळ एकच असते, एसी चालू असतो, त्यामुळे छत निवलं की मीटर लगेच सांगतो. पण ज्या घरात एसी नाही त्या घराची बचत किती? कागदावर शून्य. काकूंच्या घरात एक कूलर होता आणि तोही त्या दुपारी बंद होता. त्यांचं छत पांढरं केलं असतं तर एक युनिटही वाचलं नसतं.

म्हणूनच २००५ साली आम्हाला तो खर्च अनावश्यक वाटला. त्यांच्या त्रासाचं बिल कुठेच छापून येत नव्हतं. गाळेधारकांचं बिल दर महिन्याला येत होतं, म्हणून त्यांचं म्हणणं आम्हाला समजलं. ज्याच्याकडे मीटर आहे त्याची गरमी मोजली जाते, बाकीच्यांची सभेत हसण्यावारी जाते. अहमदाबादेत २०१७ मध्ये वस्त्यांमधल्या सुमारे तीन हजार घरांची छतं चुन्याच्या रंगाने पांढरी केली. तिथल्या लोकांचं वीजबिल वाचावं हा हेतू नव्हता, माणसं वाचावीत हा होता. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चादरीत घालून जिन्यावरून उतरवलेल्या काकू आल्या.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी स्वतः विषय मांडला : दोन्ही इमारतींच्या गच्च्या संस्थेच्या निधीतून पांढऱ्या करणे. २००५ च्या इतिवृत्तातला ठराव वाचून दाखवला आणि तो चुकीचा होता असं म्हटलं. जिना तळमजल्यावाला वापरत नाही, तरी त्याच्या दिव्याचा खर्च तो देतो. बोअरवेल सगळ्यांची, तशीच गच्चीही सगळ्यांची. तिचा मालक संस्था आहे, मग तिचं ऊन आठ जणांच्याच माथी का? एक भाऊ म्हणाले, "तुम्हाला काय झालं? तुम्ही तर खाली राहता." मी म्हटलं, "म्हणूनच मला बोललं पाहिजे. वरच्यांनी बोलून झालं."

डांबरावर चुना धरत नाही, म्हणून काळी शीट उपटावी लागली. इंजिनिअरला विचारून, वजन झेपेल याची खात्री करून, गच्चीवर उताराचा कोबा घालून पांढऱ्या फुटक्या टाइल्सची फरशी बसवली. टाइल्सच्या दुकानातून तुकडे पोत्याने आणले, महिला मंडळाने रंगीत तुकडे निवडून वेगळे काढले. गळतीही थांबली आणि तापही. खर्च चुन्यापेक्षा बराच जास्त झाला. २००५ साली पोतं-दोन पोती चुन्यात भागलं असतं.

वरच्या घरातल्या एका वहिनींनी पहिल्या उन्हाळ्यानंतर सांगितलं, "एसी तर अजूनही नाही घेतला आमी. पण आता लेकरू रात्री झोपते." सभेत एवढंच सांगावं, आकड्यांची गरज नाही, असं मला वाटतं.

कोळशाची धूळ

शेवटी थोडं कामाचं. पांढरं छत करून विसरून चालत नाही. त्यावर धूळ बसते, शेवाळ धरतं, पहिल्याच वर्षात त्याची ऊन परतवण्याची ताकद बरीच उतरते. आपल्याकडे तर कोळशाची धूळ. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होतो, तिथे गच्चीचं काय? पण चांगलं घासून धुतलं की गेलेली ताकद बरीचशी परत येते. लेप असेल तर काही वर्षांनी पुन्हा एक हात द्यावा लागतो, टाइल्स असतील तर धुणं पुरतं.

हिवाळ्यात घर जास्त गार पडेल का, असं काही जण विचारतात. थोडा फरक पडतो. पण डिसेंबरातलं ऊन तिरपं आणि दिवस लहान, त्या वेळी छतावर पडणारं ऊनच कमी. चार महिन्यांच्या भट्टीसमोर ते काहीच नाही.

म्हणून समितीने रौप्यमहोत्सवी वर्षापासून एक प्रथा पाडावी, अशी माझी सूचना आहे. होळीच्या आधीचा एक रविवार गच्ची धुण्याचा. दोन्ही इमारती आणि गाळ्यांचं छत. तळमजल्यावरच्या सगळ्यांनी वर यायचं. निदान वर्षातून एकदा आपल्या डोक्यावर काय आहे ते आपल्याला दिसेल.

ते काका आता नाहीत. काकू नागपुरात आहेत. या स्मरणिकेची पहिली प्रत त्यांना पोचवण्याचं काम मी मागून घेतलं आहे. विषय क्रमांक ६ त्यांना वाचून दाखवणार आहे, त्यानंतरच्या सभेचा ठरावही. काय म्हणतील ठाऊक नाही.

झाडू आणि ब्रश माझ्याकडे आहेत. येताना बादली तेवढी आणा.